चिमणीची झेप मोजायची तर आधी फाइल हलली पाहिजे

पक्षी जितका जड, तितका तो उडायला सुस्त. पंख जितके मोठे, तितकी झेप चांगली. ऐकायला हे सरळ वाटते, पण वावरात जाळे लावून, पक्षी हातात घेऊन ते तपासायला बसले की प्रत्येक शब्दापाशी अडायला होते. जड म्हणजे सकाळी जड की संध्याकाळी? मोठा पंख म्हणजे लांब की रुंद? आणि झेप चांगली म्हणजे उंच, वेगवान की तिरकी? वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या सीमेवरच्या दोन गावांत आम्ही हे काम केले. जून २०२३ मध्ये परवानगीचा अर्ज टाकला आणि फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस शेवटचे जाळे गुंडाळले. तालुक्याच्या ठिकाणच्या कॉलेजमधून, फारसा निधी नसताना असे काम करू पाहणाऱ्यांना उपयोगी पडेल ते सगळे क्रमाने लिहितो आहोत.

मुख्य पक्षी चिमणी. कारण सोपे होते. ती गावात आहे, कुटाराच्या ढिगावर येते, आणि नर-मादी लांबूनही ओळखू येतात. मादीच्या बाबतीत तेवढी रानचिमणीशी गल्लत होऊ द्यायची नाही. तुलनेसाठी पांढऱ्या कंठाची मुनिया आणि वटवट्या घेतले. चिमणीच्या मापांचा इतिहासही जुना आहे. फेब्रुवारी १८९८ मध्ये अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात मोठे वादळ झाले. गारठून पडलेल्या १३६ चिमण्या प्राणिशास्त्रज्ञ हर्मन बम्पस यांच्या प्रयोगशाळेत आणल्या गेल्या. त्यांतल्या ७२ वाचल्या, ६४ मेल्या. बम्पस यांनी प्रत्येकीची लांबी, पंखांचा पसारा, वजन, हाडांची मापे घेतली आणि प्रत्येक पक्ष्याची कच्ची आकडेवारी छापून टाकली. नुसत्या सरासऱ्या छापल्या असत्या तर आज ते कोणाच्या कामाचे राहिले नसते. कच्चे आकडे असल्यामुळे सव्वाशे वर्षे लोक तेच आकडे पुन्हा तपासत आले आहेत. आमची नोंदवही आखताना हा एक धडा डोळ्यासमोर होता: एका पक्ष्याला एक ओळ, आणि कोणतेही माप सरासरी काढून लिहायचे नाही.

आता परवानगी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत पकडणेही येते. म्हणजे चिमणी पाच मिनिटांसाठी जाळ्यात धरून सोडली तरी परवान्याशिवाय तो गुन्हाच. संशोधनासाठीचा परवाना कलम १२ खाली मिळतो. तो मुख्य वन्यजीव रक्षक देतात, आणि महाराष्ट्रात हे कार्यालय नागपूरला आहे ही विदर्भातल्यांची त्यातल्या त्यात सोय. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. मेलेला वन्यप्राणीही कलम ३९ प्रमाणे सरकारी मालमत्ता असतो. रस्त्यावर गाडीखाली आलेला पक्षी ‘निदान पंख तरी मोजू’ म्हणून उचलून आणायचा असेल, तर तेही अर्जात आधीच लिहावे.

अर्ज संस्थेच्या प्रमुखांच्या पत्रासह जातो. सोबत आराखडा, पक्ष्यांची यादी शास्त्रीय नावांसह, प्रत्येक जातीचे जास्तीत जास्त किती पक्षी पकडणार तो आकडा, जागांचे अक्षांश-रेखांश, कालावधी, प्रत्यक्ष हाताळणाऱ्यांची नावे व ओळखपत्रे, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी, आणि हमीपत्र. हमीपत्रात स्पष्ट लिहावे: रक्त, पीस, ऊतक काहीही घेणार नाही, पक्षी पकडल्या जागीच सोडणार, यादीबाहेरचा पक्षी अडकला तर मोजमाप न करता तत्काळ सोडणार. ही शेवटची ओळ नसली तर हमखास प्रश्न येतो, कारण जाळ्याला शिक्रा आणि चिमणी यांतला फरक कळत नाही.

जुन्या अर्जांचे नमुने उतरवून काढू नका. कायद्यातली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि अनुसूच्या, म्हणजे कायद्याला जोडलेल्या जातींच्या याद्या, सहावरून चारवर आल्या. पूर्वी बहुतेक लहान पक्षी अनुसूची ४ मध्ये असत. आता त्या क्रमांकावर साइट्स या, वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या करारातल्या जाती आहेत. त्यामुळे ‘अनुसूची ४ मधील पक्षी’ असे लिहिलेला अर्ज पाहणाऱ्याला तिथेच थांबवतो. प्रत्येक जातीचे नाव नव्या अनुसूचीत स्वतः शोधून क्रमांक टाकावा. नावे शास्त्रीय असल्यामुळे एक संध्याकाळ जाते, पण अर्ज परत आला तर महिना जातो.

नागपूरहून फाइल अभिप्रायासाठी खाली येते: उपवनसंरक्षक, मग वनपरिक्षेत्र अधिकारी, आणि तशीच उलटी वर. आमची फाइल मधल्या एका टेबलावर पावसाळाभर निजली. फोनवर ‘साहेब दौऱ्यावर’ एवढेच कळायचे. या काळात चिडचिड होते, आणि परवानगी येणारच नाही असेही वाटून जाते. उपयोग झाला तो एकाच गोष्टीचा: आवक क्रमांक. प्रत्येक कार्यालयात पत्र गेले की त्याचा आवक क्रमांक व तारीख मागून घ्यायची आणि पुढच्या विचारणेत तीच लिहायची. ‘आमच्या अर्जाचे काय झाले’ या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, ‘अमुक क्रमांकाचे पत्र पुढे गेले का’ याला मिळते. परवाना नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात हातात आला. हिवाळ्यात काम करायचे असेल तर अर्ज मेअखेर जायला हवा, जूनही उशिराच.

वाट पाहण्याच्या काळात प्रशिक्षण उरकावे. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी ही संस्था १८८३ पासूनची, आणि भारतात पक्ष्यांच्या पायात ओळखीची, क्रमांकाची वळी घालण्याचे काम तिच्यामार्फत चालते. पुस्तक वाचून किंवा व्हिडिओ पाहून पक्षी जाळ्यातून काढता येत नाही. अनुभवी माणसाच्या शेजारी उभे राहून, त्याच्या नजरेखाली ते शिकावे लागते. हे शिकलेले माणूस चमूत नसेल तर पुढचे काही वाचून उपयोग नाही.

सामानाचा हिशोब थोडक्यात. बारा मीटर लांब आणि सुमारे अडीच मीटर उंचीची, १६ मिमी घराची, पक्ष्यांना सहज न दिसणारी बारीक धाग्याची काळी धुके-जाळी, एकेक सहा-सात हजारांची, अशी तीन. डिजिटल कॅलिपर दोन हजार. शून्यावर धातूचा अडथळा असलेली पंखपट्टी दीड हजार. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारे खिशातले दोन काटे, आठशेच्या आसपास एक. दोन, कारण एक हमखास बिघडतो, आणि दोन्ही वेगळे आकडे दाखवू लागले की कळते. सोबत २० ग्रॅमचे प्रमाणित वजन. सुती पिशव्या गावातल्याच शिंप्याकडून, शिवण बाहेरच्या बाजूला ठेवून. आत सुटे धागे राहिले तर पक्ष्याची नखे अडकतात. बांबू, दोऱ्या, तिकाटणे आणि झेप मोजण्याचा मनोरा धरून एकूण बत्तीस-तेहतीस हजार. प्रवास वेगळा. स्लो-मोशनचा फोन घरचाच.

जागा निवडताना जंगलाकडे धाव घेऊ नये. चिमणीसाठी गावाच्या कडेचे खळे, सोयाबीनच्या कुटाराचा ढीग आणि जवळ पाण्याचा हौद, एवढे मिळाले की झाले. मुनियांसाठी ज्वारी उभी असलेले वावर. ज्वारी आता कमीच पेरतात, त्यामुळे असे वावर शोधावे लागते. वटवट्या धुऱ्यावरच्या झुडपात आणि पऱ्हाटीत. शेतमालकाची लेखी संमती घ्यावी, सरपंच आणि पोलीस पाटलांना परवान्याची झेरॉक्स द्यावी, वनरक्षकाला आदल्या दिवशी फोन करावा. गावात जाळे दिसले की लोकांना पाखरे धरणारेच आठवतात. पहिल्याच सकाळी एका आजींनी हाक दिली, “काय रे पोरंहो, चिमण्या कायले धरता? तिचं वजन करून तुमाले काय भेटनार हाय?” दुसरीकडे शेतमालकाची एकच अट होती: “पाखराले काही झालं तं जाळं काढून घ्याचं, मंग कागद नाही पाह्यचा.” वनविभागाच्या परवान्यातल्या अटींपेक्षा ही अट आम्हाला जास्त जाणवत राहिली.

जाळे पहाटे उजेड फुटायच्या आधी उभे करायचे, पण ज्या जागी ते येणार ती जमीन आदल्या दिवशीच साफ करायची. पऱ्हाटीची खुंटे, बाभळीचे काटे, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे कुसळी गवत. कुसळ एकदा जाळ्यात शिरले की हातानेच एकेक काढावे लागते, आणि तोवर सकाळ संपते. दोन्ही बाजूंना मीटरभर पट्टा झाडून घ्यावा. जाळ्याच्या आडव्या दोऱ्यांमध्ये जाळी ढिली, झोळीसारखी लोंबती राहायला हवी. ताणून बसवली तर पक्षी आपटून उडून जातो. सर्वांत खालची झोळी जमिनीपासून निदान गुडघाभर वर. दव पडलेल्या गवताला पक्षी टेकला तर भिजतो, आणि भिजलेल्या पक्ष्याचे वजनही खोटे आणि झेपही खोटी.

फेरी दर पंधरा मिनिटांनी. थंडीतल्या पहाटे यात ढिलाई नको, आणि ऊन चढले की तर नकोच. वारा सुटून जाळे शिडासारखे फुगू लागले, ऊन थेट जाळ्यावर आले, किंवा कावळे शेजारच्या निंबावर येऊन बसले, की जाळे बंद. कावळा आणि शिक्रा जाळ्यातल्या पक्ष्यावर येतात. मुंगूस आणि मांजर खालच्या झोळीवर. जाळ्याजवळ माणूस नाही अशी पाच मिनिटेही जाऊ देऊ नयेत. कोतवाल पक्षी अडकला तर तो बोट चावून रक्त काढतो. तो यादीत नाही, त्याला आधी सोडायचे.

काढताना पक्षी कोणत्या बाजूने आत शिरला ते पाहायचे, आणि त्याच बाजूने पायांपासून सुरुवात करायची. पाय मोकळे झाले की पंख, शेवटी डोके. ओढायचे नाही. धागा गुंतला आणि मिनिटभरात सुटेना, तर छोट्या कात्रीने जाळ्याचा एक धागा कापायचा. सहा हजारांच्या जाळ्याला एक भोक पडले तरी चालते. चोच उघडी ठेवून धापा टाकणारा, डोळे मिटणारा, पिसे फुलवून बसणारा पक्षी मोजायचा नाही. पाच मिनिटे सावलीत, अंधाऱ्या पिशवीत ठेवायचा आणि सोडून द्यायचा.

मापांचा क्रम ठरलेला असावा, नाहीतर घाईत काहीतरी राहते. आमचा क्रम: वळे, वजन, झेप, मग बाकीची मापे. झेप आधी घेतली, कारण पंख पसरून कागदावर रेखाटल्यानंतर पक्षी थकलेला असतो, आणि मग आपण त्याची ताकद न मोजता त्याचा वैताग मोजतो.

वजनात सर्वांत जास्त गोंधळ होतो. काटा सपाट फळीवर, वाऱ्याच्या आड, पेटीत ठेवायचा. पक्षी डोके खाली करून प्लास्टिकच्या नळकांड्यात सरकवला की तो शांत राहतो. नळकांड्याचे वजन आधी शून्य करून घ्यायचे. दर दहा पक्ष्यांनंतर प्रमाणित वजन ठेवून काटा तपासायचा. आणि वजनासमोर वेळ लिहायचीच. लहान पक्षी रात्रभर साठवलेली चरबी जाळतो आणि दिवसभरात ती पुन्हा भरतो. एकाच चिमणीचे सकाळचे आणि संध्याकाळचे वजन सहज पाच-दहा टक्क्यांनी वेगळे निघू शकते. पंख मात्र तोच राहतो. म्हणजे पंखावरचा भार (वजन भागिले पंखांचे क्षेत्रफळ), जो आपण ‘शरीराचे वैशिष्ट्य’ म्हणून तक्त्यात लिहिणार, तो चार तासांत बदलतो. वेळ न लिहिता घेतलेली वजने एकत्र करून ‘जड पक्षी कमी उडतात’ असा निष्कर्ष काढला, तर तो खरा तर ‘दाणे टिपलेले पक्षी कमी उडतात’ असा असू शकतो. आम्ही झेपेसाठी फक्त सकाळी साडेनऊपर्यंतचे पक्षी घेतले. नंतरचे मोजले, पण उडवले नाहीत. चरबीची पातळीही पाहावी: गळ्याखालच्या खळगीवरची पिसे स्ट्रॉने फुंकली की पातळ कातडीखाली पिवळसर चरबी दिसते.

पंखाची लांबी मिटलेल्या पंखावर, मनगटापासून सर्वांत लांब पिसाच्या टोकापर्यंत. पंख पट्टीवर दाबून सपाट करून घ्यायची एक पद्धत, न दाबता नैसर्गिक बाकासह घ्यायची दुसरी. दोन्हींत मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा फरक पडतो, आणि चिमणीच्या नर-मादीतला फरकही दोन-तीन मिलिमीटरचाच असतो. त्यामुळे पद्धत एकच हवी, आणि शक्यतो मापणारा हातही एकच. रोज काही पक्ष्यांची मापे दुसऱ्याने, पहिला आकडा न पाहता घ्यावीत. हे कंटाळवाणे आहे, पण पहिल्या आठवड्यात दोन मापणाऱ्यांचे आकडे जुळत नाहीत हे यातूनच कळते. पायाची नळी कॅलिपरने, ०.१ मिमीपर्यंत. वजन घटते-वाढते, नळी तशीच राहते; म्हणून ‘आकाराच्या मानाने जड’ असे म्हणायचे तर नळीचाच आधार घ्यायचा.

पंखाचे क्षेत्रफळ हे खरे हातखंड्याचे काम. एकाने पक्षी आलेख-कागदावर धरायचा, शरीर कडेशी, पंख पूर्ण पसरलेला, पुढची कड शरीराशी काटकोनात. दुसऱ्याने टोकदार पेन्सिलीने कडेकडेने रेघ मारायची. पंख कमी ताणला तर पिसे एकमेकांवर चढतात आणि क्षेत्रफळ घटते. जास्त ताणला तर पिसांमध्ये फटी पडतात. कड सरळ आहे का, हाच रोजचा निकष. एका पंखाचे क्षेत्रफळ दुप्पट करून त्यात दोन पंखांमधल्या शरीराचा आयतही मिळवायचा. उडताना तो भागही हवेवर टेकतो. हा आयत काही जण धरतात, काही धरत नाहीत, म्हणून दुसऱ्यांच्या आकड्यांशी तुलना करण्यापूर्वी तपासावे. रेखाटनाचा फोटो काढून इमेजजे या मोफत सॉफ्टवेअरमध्ये क्षेत्रफळ मिळते. फोटोत कागदाची चौकट पूर्ण आलेली असावी, फोन कागदाला समांतर असावा.

टोकाच्या आकारासाठी आणखी एक माप: मिटलेल्या पंखात पहिल्या दुय्यम पिसाच्या (पंखाच्या टोकाकडची ती प्राथमिक पिसे, शरीराकडची ती दुय्यम) टोकापासून पंखाच्या टोकापर्यंतचे अंतर. त्याला पंखाच्या लांबीने भागून शंभराने गुणले की टोक किती निमुळते ते कळते. दूरवर स्थलांतर करणाऱ्या भारिटाचा पंख या हिशोबात निमुळता निघतो, झुडपात घुटमळणाऱ्या वटवट्याचा गोल.

शेवटी पिसांची गळती. चिमणीची नऊ मोठी प्राथमिक पिसे दिसतात, दहावे अगदी बारीक असते. प्रत्येकाला ० ते ५ गुण: जुने पीस ०, नवे पूर्ण वाढलेले ५. म्हणजे गळती संपलेल्या चिमणीचे ४५. नोव्हेंबरमध्ये आमच्याकडे काहींची गळती चालूच होती. अशा पक्ष्याच्या पंखात फट असते, क्षेत्रफळ कमी असते, आणि तो झेपही वेगळी घेतो. त्याला पूर्ण पंखांच्या पक्ष्यांत मिसळले तर सगळेच बिघडते. वयाचा प्रश्न इथेच येतो: चिमणीची पिल्ले पहिल्याच गळतीत सगळी पिसे बदलतात, त्यामुळे त्यानंतर पंख पाहून वय सांगता येत नाही. ‘प्रौढ’ असे लिहिण्याऐवजी ‘गळती पूर्ण’ असे लिहावे.

आता मनोरा. गावातल्या वेल्डरकडून दीड मीटर उंचीची, चाळीस सेंटिमीटर चौरस लोखंडी चौकट करून घेतली. तीन बाजूंना फिकट कापड, समोर पारदर्शक अॅक्रेलिक. मागच्या कापडावर दर दहा सेंटिमीटरला काळी रेघ. तळाशी सरकत्या झाकणाचा छोटा डबा, वर जाळीची सैल पिशवी. झाकण दोरीने ओढले की पक्ष्याला एकच वाट दिसते, वर. लोखंडाच्या आतल्या कडांना कापडाची गादी लावायची. पहिल्या चाचणीआधी हे पाहूनच घ्यावे.

कॅमेरा फोनचा, सेकंदाला २४० चौकटी (फ्रेम). फोन मनोऱ्याच्या मागच्या कापडापासून तीन मीटरवर, मनोऱ्याच्या मधोमध येईल एवढ्या उंचीवर, तिकाटण्यावर पक्का. जवळ ठेवला तर वरच्या आणि खालच्या रेघा तिरक्या दिसतात. दोन चुका इथे हमखास होतात. पहिली मागच्या रेघांची. पक्षी कापडाला चिकटून उडत नाही, मनोऱ्याच्या मधून उडतो, म्हणजे कापडापेक्षा वीस सेंटिमीटर कॅमेऱ्याच्या जवळ. कॅमेरा ते कापड ३ मीटर, कॅमेरा ते पक्षी २.८ मीटर. पक्षी एक मीटर चढला तर मागच्या रेघांवर तो १.०७ मीटर चढलेला दिसतो. सात टक्क्यांची फुकटची झेप! दोन चिमण्यांतला फरकही कधी कधी एवढाच असतो. उपाय: मनोऱ्याच्या मधोमध खुणा केलेली काठी उभी धरून रोज एक फोटो घ्यायचा आणि मोजमाप त्या काठीवरून करायचे, मागच्या रेघांवरून नाही.

दुसरी चूक वेळेची. फोन २४० म्हणतो, पण प्रकाश कमी झाला की काही फोन गुपचूप चौकटी कमी करतात. तपासायला एक रबरी चेंडू पुरतो. एक मीटर उंचीवरून सोडलेला चेंडू सुमारे ०.४५ सेकंदात जमिनीला टेकतो, म्हणजे २४० च्या हिशोबात १०८ च्या आसपास चौकटी. नव्वदच भरल्या तर फोनवर विश्वास ठेवू नये. चित्रीकरण सावलीत पण दिवसाच्या उजेडातच करावे. विजेच्या दिव्याखाली चित्र लुकलुकते, आणि गावात वीज कधी जाईल याचाही नेम नाही.

मोजायचे काय? डबा सोडल्यापासून ठरावीक उंची, समजा ६० सेंटिमीटर, गाठेपर्यंत किती वेळ लागला, आणि त्या उंचीवर वेग किती होता. उंची आणि वेग या दोन्हींत पक्ष्याने ताकद खर्च केलेली असते, म्हणून दोन्ही ऊर्जेत बदलून बेरीज करायची. ०.६ मीटर चढून २ मीटर प्रति सेकंद वेगाने जाणाऱ्या पक्ष्याची दर किलोमागे उंचीची ऊर्जा ५.९ ज्यूल आणि वेगाची २ ज्यूल, एकूण ७.९.  पंखावरचा भारही तसाच काढायचा: २४ ग्रॅमची चिमणी आणि ९० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळ धरले तर ०.०२४ गुणिले ९.८१ भागिले ०.००९, म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे २६ न्यूटन. पंखांचा पसारा २२ सेंटिमीटर असेल तर त्याच्या वर्गाला क्षेत्रफळाने भागून ५.४ येते; हा पंखाच्या लांबट-रुंदटपणाचा आकडा. एकके सुरुवातीलाच ठरवा. ग्रॅम आणि न्यूटन एकाच स्तंभात मिसळलेली फाइल निस्तरणे जाळ्यातला कोतवाल काढण्यापेक्षा त्रासाचे.

खरी अडचण मात्र यंत्रांत नाही, पक्ष्यात आहे. काही चिमण्या झाकण उघडताच बाण सुटावा तशा जातात. काही डब्यात बसून राहतात, मान वळवून बघतात, आणि मग सावकाश वर जातात. आपण मोजतो ते पक्ष्याने केलेले उड्डाण, त्याला जमू शकणारे उड्डाण नव्हे. घाबरवून उडवावे असे वाटते, पण टाळी वाजवली तर टाळी रोज सारखी वाजत नाही. आम्ही झाकण ओढणारा माणूस एकच ठेवला, बोलणे बंद, प्रत्येक पक्ष्याला दोनच संधी, आणि दोन्ही नोंदी ठेवल्या. विश्लेषणात दोन्हींतली जास्त ऊर्जेची झेप. तीन सेकंदांत न उडालेल्या पक्ष्यासमोर शून्य न मांडता ‘बसली’ असे लिहायचे. शून्य मांडले तर भित्रेपणा आणि अशक्तपणा एकाच खात्यात जमा होतात.

जाळ्यातून काढल्यापासून सोडेपर्यंत अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ नको. पिशव्यांत पाच-सहा पक्षी साठले की जाळी मिटून टाकायची. पोटात अंडे असलेली मादी हाताला कळते, पोट गोल आणि कातडी ताणलेली. तिला लगेच सोडायचे. युरोपातल्या स्टार्लिंग पक्ष्यांवरच्या अभ्यासात अंडी वाहणाऱ्या माद्यांची निसटण्याची झेप मंदावलेली आढळली आहे, त्यामुळे तिचा आकडा बाकीच्यांत बसतही नाही. आमच्याकडे फेब्रुवारीच्या शेवटी अशा माद्या दिसू लागल्या आणि तिथेच काम थांबवले.

हाती काय आले? एका जातीतल्या एका पंखमापावरून झेप सांगता येत नाही, हे पहिले. आकाराच्या मानाने जड असणाऱ्या आणि चरबी जास्त असलेल्या चिमण्या कमी चढताना दिसल्या. १९९६ मध्ये ब्लॅककॅप या वटवट्यांशी नाते सांगणाऱ्या युरोपीय पक्ष्यावर झालेल्या कामातही जास्त चरबीवाले पक्षी कमी कोनात आणि मंद वेगाने चढलेले आढळले होते, त्यामुळे याचे नवल नव्हते. पंखाच्या गोल टोकाचा फायदा मात्र आमच्या मनोऱ्यात दिसणारच नव्हता. गोल टोकाचे पक्षी जास्त खड्या चढणीने निसटतात असे स्टार्लिंगवरच्या कामात दिसले आहे, पण चाळीस सेंटिमीटरच्या उभ्या खोक्यात सगळ्यांनाच सरळ वर जावे लागते, कोन उरतच नाही. तुम्हाला कोन मोजायचा असेल तर मनोरा बांधू नका. तीन-चार मीटर लांबीचा, जाळीने झाकलेला बोगदा बांधा आणि दोन कॅमेरे लावा. खर्च वाढेल. आणि चिमणी, मुनिया, वटवट्या अशा तीन जाती शेजारी ठेवून ‘पंख लहान तर झेप मोठी’ असे काही लिहू नका. जाती तीन, म्हणजे तुलनेचे बिंदू तीनच, पक्षी कितीही मोजलेले असोत. वटवट्याची लांब शेपटी, मुनियेची छोटी चोच, सगळेच एकदम बदललेले असते.

मापे आणि जगणे-मरणे यांचा धागा जोडायचा असेल तर पकडलेल्या पक्ष्यांना वळी घालून वर्षानुवर्षे तिथेच परत जावे लागते. नेब्रास्कात कड्यांवर घरटी करणाऱ्या भिंगऱ्यांवर १९८२ पासून तीस वर्षे तेच झाले: गाड्यांखाली मेलेल्या भिंगऱ्यांचे पंख बाकीच्यांपेक्षा लांब निघाले, आणि जिवंत राहिलेल्यांत पंख हळूहळू आखूड होत गेले. एका हिवाळ्यातल्या कामाकडून तेवढी अपेक्षा ठेवू नये.

काम संपल्यावर अहवाल द्यावाच लागतो, तो परवान्याचीच अट असते. अहवालात जातवार पकडलेले, सोडलेले, यादीबाहेरचे आणि इजा झालेले पक्षी यांचे आकडे, वळ्यांचे क्रमांक, जागा आणि तारखा. इजा झालेल्यांचा रकाना रिकामा ठेवू नये. शून्य असेल तर शून्य लिहावे, रिकाम्या रकान्यावर हटकून पत्र येते. एक प्रत उपवनसंरक्षकांना, एक संस्थेला, वळ्यांची नोंद वळी देणाऱ्या संस्थेला, आणि उरलेली वळी परत. पुढच्या हिवाळ्याचा अर्ज करायचा असेल तर अहवालाच्या पोचपावतीची प्रत त्याला जोडावी लागते, त्यामुळे मार्चमध्येच अहवाल टाकून आवक क्रमांक घेऊन ठेवा.